बेदाणा, बारावी आणि बंद खातं

फेब्रुवारी-मार्च. तासगावच्या माळावर शेडमधल्या रॅकवर द्राक्षं वाळत पडलीत. त्यांचा बेदाणा होईतोवर घरातली पोरगी बारावीचे पेपर देऊन मोकळी झालेली असते. तिला इंजिनिअरिंग करायचंय. पुण्यात नाही, जर्मनीत.

घरातला पहिला प्रश्न, फी किती? तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाहीच, हे ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही. मग अडतं कुठं?

अडतं आपल्या बारावीपाशी. कोल्हापूर विभागीय मंडळाची गुणपत्रिका कितीही घसघशीत असो, नुसत्या तिच्यावर तिथं पदवीला थेट बसता येत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड पार केली असेल, तर तांत्रिक शाखांना अर्ज करता येतो. नाहीतर श्टूडिएनकोलेग, म्हणजे दोन सत्रांचा तयारीचा वर्ग. इंजिनिअरिंगला टी-कुर्स, मेडिकलला एम-कुर्स. आत शिरायला परीक्षा, बाहेर पडायलाही परीक्षा, आणि सगळं जर्मनमध्ये. भाषा इथूनच शिकून जायची. 'तीन महिन्यांत जर्मन' म्हणणाऱ्या पाटीवर विसंबलात, तर फसलात.

कागदांचं निराळंच. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र लागतं, कागद खरे असल्याचा दाखला. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, वडिलांचं नाव शेवटी. पासपोर्टवर एखादं अक्षर जरी वेगळं पडलं, तरी खेटे सुरू.

आणि पैसा. राहण्या-खाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात भरायचे; तिथं गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. रुपयांत दहा लाखांच्या वर. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीला आहे, पदवीला नाही. म्हणून वडील बँकेत जातात. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागतं. वडील सांगतात, चार एकर बाग आहे. साहेब विचारतात, एन.ए. प्लॉट आहे का? बहुतेक बँका या कर्जाला शेतजमीन धरत नाहीत. ज्या बागेवर घर उभं राहिलं, ती इथं कागदावर शून्य.

आता सगळ्यांचं लक्ष बेदाण्याच्या सौद्याकडे. यंदा दर काय निघतो?

शेडमध्ये पोरगी बेदाणा निवडता निवडता जर्मन पुटपुटतेय, डेर, डी, दास. डेर, डी, दास.

आजी विचारते, "कुणाचा जप चाललाय गं?"