विजेतेपदानंतरचा मोसम

मित्रहो, मे महिना आला की फुटबॉल बघणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारला जातो. आपली टीम जिंकली, आता पुढच्या वर्षी काय? विचारणाऱ्याच्या अंगावर अजून जर्सी असते, घसा बसलेला असतो, आणि त्याला ऐकायचं असतं की पुढच्या वर्षीही आपणच. मी पुष्कळ वर्षं हेच उत्तर देत आलो. इंडियन सुपर लीगमधल्या आमच्या मुंबई सिटीच्या दोन विजेतेपदांनंतर मात्र मी उत्तर देण्याआधी थांबायला शिकलो. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

पहिलं विजेतेपद २०२०-२१चं. करोनामुळे अख्खी लीग गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. मुंबईच्या संघाने मुंबईच्या एकाही प्रेक्षकासमोर न खेळता शील्ड, म्हणजे साखळीत पहिला येण्याचा मान, जिंकली आणि बाद फेरीनंतरचा कपही. २८ फेब्रुवारीला शेवटच्या साखळी सामन्यात कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला २-० हरवलं. दोघांचे ४० गुण झाले आणि आपसातल्या सामन्यांच्या निकालावर शील्ड आपल्याकडे आली. १३ मार्चला फातोर्ड्यात अंतिम सामना, समोर पुन्हा तेच. डेव्हिड विल्यम्सने त्यांना पुढे नेलं, मग त्यांच्याच तिरीकडून स्वयंगोल झाला, आणि नव्वदाव्या मिनिटाला आपल्या बिपिन सिंगने गोल मारला. त्या सामन्यात आपला अमेय रानवडे डोक्याला मार लागून ॲम्ब्युलन्समधून बाहेर गेला होता. टीव्हीवर ते बघताना घरात कोणी बोलत नव्हतं. त्यामुळे बिपिनचा तो गोल झाला तेव्हा ओरडलो कमी आणि सुटकेचा श्वास जास्त सोडला.

आता त्या वर्षी मे-जूनमध्ये बसून पुढच्या मोसमाचा अंदाज बांधायचा होता. सर्जिओ लोबेरासारखा प्रशिक्षक, पाठीशी क्लबचा तेव्हाचा मालक सिटी फुटबॉल ग्रुप, कपाटात दोन्ही मानचिन्हं. मीही म्हणालो, मुंबईला कोण अडवणार?

आणि मग एकेक जण जायला लागला. ह्यूगो बूमूस मोहन बागानकडे गेला. गोलरक्षक आणि कर्णधार अमरिंदर सिंगही तिकडेच. बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादला गेला. ॲडम ल फॉन्ड्र सिडनीला परतला. एर्नान सांताना नॉर्थईस्ट युनायटेडला. आणि ऑक्टोबरमध्ये, मोसम तोंडावर आलेला असताना, खुद्द लोबेराला ग्रुपने दुसऱ्या जबाबदारीवर नेलं आणि त्याच्या जागी डेस बकिंगहॅम मुंबईत आले.

आणखी एक गोष्ट झाली, जिची चर्चा तेव्हा फारशी झाली नाही, पण माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची होती. लीगने परदेशी खेळाडूंचा नियम बदलला. आधी मैदानावर एका वेळी पाच परदेशी चालत, ते २०२१-२२पासून चार झाले. एक कमी, एवढंच वाटतं ऐकायला. पण लोबेराच्या संघाची बांधणी आठवा. बचावात मुर्तदा फॉल, त्याच्यापुढे अहमद जाहू आणि सांताना, मग बूमूस, आणि टोकाला ल फॉन्ड्र किंवा ओगबेचे. मागून पुढपर्यंत सरळ कणा, आणि तो कणा पाच मणक्यांचा. नियमाने त्यातला एक मणका काढला. म्हणजे तेच लोक राहिले असते तरी तोच संघ उतरवता आला नसता. पाचव्या जागी आता भारतीय खेळाडू लागणार होता, आणि तोही मधल्या फळीत, जिथे चांगला भारतीय खेळाडू मिळणं सगळ्यांत कठीण.

सुरुवात मात्र अशी झाली की सगळ्यांना फसवलं. १ डिसेंबरला मोहन बागानला ५-१. मी स्वतः त्या रात्री शेजाऱ्यांना म्हटलं, बघा, काही बदललेलं नाही. नवीन वर्ष लागल्यावर संघ जो अडला तो अडलाच. प्रतिस्पर्ध्यांना कळलं होतं की जाहूच्या पायात चेंडू येऊ द्यायचा नाही. तो अडवला की मागून पुढे चेंडू नेणारा दुसरा माणूस मुंबईकडे नाही. विजेत्यांना हा त्रास सगळीकडेच होतो. वर्षभर प्रत्येक जण तुमचेच व्हिडिओ बघत असतो. मुंबई पाचवी आली, बाद फेरीच्या बाहेर. त्याच मोसमात ओगबेचेने हैदराबादसाठी १८ गोल मारले आणि हैदराबाद कप घेऊन गेलं.

या वर्षातली एक गंमत मला कायम विचारात पाडते. २०२१च्या शील्डमुळे आपल्याला आशियातल्या क्लबांची एएफसी चॅम्पियन्स लीग खेळायला मिळाली, पण ती खेळली गेली एप्रिल २०२२मध्ये, रियाधला. ज्यांनी ती जागा कमावली त्यांतले बरेच जण तोवर निघून गेले होते. तरीही ११ एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबला आपण २-१ हरवलं. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. दिएगो मॉरिसिओची पेनल्टी आणि मग राहुल भेकेचं हेडर. मुंबईच्या पोराने आशियात मुंबईला जिंकून दिलं. मी त्या रात्री बराच वेळ झोपलो नाही.

भेके २०२१च्या उन्हाळ्यात आला होता. त्याच उन्हाळ्यात नॉर्थईस्टकडून अपुइया आला, मिझोरमचा, विशीतला मुलगा, मधल्या फळीत खेळणारा. पुढे लालियानझुआला छांगते आला. गेलेल्यांची यादी मोठी होती म्हणून आलेल्यांकडे आमचं लक्ष गेलं नाही. बिपिन, मेहताब सिंग, विक्रम प्रताप सिंग, गोलमध्ये फुर्बा लाचेन्पा, हे सगळे एकत्र वाढत होते. २०२२-२३मध्ये त्यांना ग्रेग स्टुअर्ट, होर्खे पेरेरा डियाझ, अल्बेर्तो नोगेरा यांची जोड मिळाली आणि सलग १८ सामने न हरता, ४६ गुणांनी शील्ड परत आली.

इथे नीट लक्ष द्या, कारण माझा मुद्दा इथे आहे. या दुसऱ्या शील्डनंतरही उन्हाळ्यात मोठी माणसं गेली. फॉल गेला, जाहू गेला. दोघे ओडिशात लोबेराकडेच गेले. चॅम्पियन्स लीगमध्ये सौदीच्या अल हिलालसारखे संघ समोर आले आणि सहाच्या सहा सामने आपण हरलो. भर मोसमात, नोव्हेंबरमध्ये, बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. जानेवारीत स्टुअर्टही सोडून गेला. कागदावर बघाल तर २०२१पेक्षा वाईट अवस्था. तरीही नवे प्रशिक्षक पेत्र क्रात्कींच्या हाताखाली त्या संघाने शेवटच्या साखळी सामन्यापर्यंत शील्ड सोडली नाही. ४८ विरुद्ध ४७, एका गुणाने मोहन बागानकडे गेली. मग उपांत्य फेरीत फातोर्ड्यात गोवा ९० मिनिटांपर्यंत २-० पुढे, आणि तिथून मुंबईचे तीन गोल! छांगते, विक्रम, पुन्हा छांगते. ४ मे २०२४ला अंतिम सामना, मोहन बागानविरुद्ध, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, खच्चून भरलेल्या स्टेडियमसमोर, आधी गोल खाऊन ३-१. डियाझ, बिपिन आणि याकुब वोयतुश. कप उचलला कर्णधार राहुल भेकेने.

प्रशिक्षक बदलला, परदेशी बदलले, तरी संघ टिकला. कारण भारतीय गाभा जागेवर होता. अपुइया मध्यभागी, मागे भेके आणि मेहताब, बाजूंना छांगते आणि बिपिन. मैदानावर अकरांतले सात भारतीय असतात आणि परदेशी खेळाडू बहुधा एक-दोन वर्षांच्या करारावर येतात. आपल्या लीगमध्ये सातत्य देऊ शकतात ते हे सातच.

आणि २०२४च्या उन्हाळ्यात नेमके त्यांतलेच काही गेले. अपुइया मोहन बागानला. भेके बंगळुरूला. अमेय रानवडे ओडिशाला. डियाझ आणि नोगेराही बंगळुरूला. क्लबने हातावर हात ठेवले होते असं नाही. ब्रँडन फर्नांडिस गोव्याहून आला, योएल वान नीफ आला, निकोस कारेलिस आला. चांगले खेळाडू आहेत. पण अपुइयाचं काम वेगळं होतं. तो कधी ठळक दिसायचा नाही. चेंडू हरवला की दोन पावलांत तो तिथे असायचा, आणि जिंकला की साधा पास देऊन बाजूला व्हायचा. अंधेरीच्या स्टेडियममध्ये टीव्हीपेक्षा ते छान कळतं. वरच्या रांगेत बसलं की चेंडू सोडून माणूस बघता येतो. मी कित्येक सामने फक्त त्यालाच बघत बसलोय.

इंग्लंडमध्ये लेस्टरच्या बाबतीत हेच झालं होतं. २०१६ला त्यांनी ८१ गुणांनी प्रीमियर लीग जिंकली. वार्डी राहिला, महरेझ राहिला, सगळं जग म्हणालं संघ शाबूत आहे. गेला तो मधल्या फळीतला एनगोलो कान्टे, चेल्सीला. पुढच्या वर्षी चेल्सी विजेते, लेस्टर ४४ गुणांसह बारावे, आणि ज्या प्रशिक्षक रानिएरींनी चमत्कार घडवला त्यांना फेब्रुवारीतच निरोप. गोल मारणारे टिकले म्हणून संघ टिकतो, हा समज मँचेस्टर सिटीने तर १९३८मध्येच खोटा ठरवला होता. आदल्या वर्षीचे विजेते, त्या मोसमात विभागातले सर्वाधिक ८० गोल त्यांचे, आणि तरी खालच्या विभागात घसरले.

आपल्याकडे उलट उदाहरणही आहे, आणि ते नेमकं त्याच उन्हाळ्यातलं. मोहन बागान २०२४चे शील्ड विजेते. त्यांचे प्रशिक्षक हाबास गेले, होसे मोलिना आले. बचावात नवे परदेशी आले. पण सुभाशिष बोस, विशाल कैथ, मनवीर सिंग, लिस्टन कोलासो, अनिरुद्ध थापा, सगळे जागेवर. वर अपुइया आणि स्टुअर्टची भर. पुढच्या वर्षी त्यांनी ५६ गुण घेतले. शील्ड राखणारा तो पहिला संघ, आणि कपही त्यांनीच जिंकला. उपांत्य फेरीत जमशेदपूरविरुद्ध भरपाई वेळेत निर्णायक गोल कोणी मारला? अपुइयाने. तो गोल बघून मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही खरं आहे.

गोव्याच्या जुन्या जाणत्यांना यात नवल वाटणार नाही. तिथल्या धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं घेतली, त्यांत २००७ आणि २००८ची लागोपाठ. प्रशिक्षक आर्मांदो कोलासोंकडे क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही मुलं वर्षानुवर्षं होती. सकाळी एकत्र सराव, घरं जवळजवळ, एकमेकांची चाल डोळे मिटून ओळखणारी. त्यांच्यात रँटी मार्टिन्स आणि बेटो हे परदेशी मिसळून गेले. पाया गोव्याचा होता.

मुंबईचं २०२४-२५ तुम्हाला माहीत आहे. सहावा क्रमांक, ३६ गुण. बाद फेरीत २९ मार्चला बंगळुरूत ०-५. पाचवा गोल डियाझने मारला, ज्याने जवळपास अकरा महिन्यांपूर्वी आपल्यासाठी अंतिम सामन्यात बरोबरी साधून दिली होती. त्या रात्री मला कुणाचा राग आला नाही. खेळाडू जिथे मान आणि पैसा मिळेल तिथे जाणार, त्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. राग असलाच तर या गोष्टीचा की जिंकल्यानंतर खेळाडूची किंमत वाढते, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, आणि तरी करारांची बोलणी जिंकल्यानंतरच सुरू होतात.

म्हणून आता कोणी मला मेमध्ये पुढच्या मोसमाचं विचारलं, की मी उलट विचारतो, ३१ मेला कोणाकोणाचा करार संपतोय? आपल्याकडचे बहुतेक करार त्या तारखेला संपतात. यादी हातात आली की आधी मधल्या फळीतला भारतीय शोधायचा, मग सेंटर-बॅक, मग गोलरक्षक. हे तिघे राहणार असतील तर परदेशी कोण येतंय याची काळजी मी ऑगस्टपर्यंत करत नाही. दुसरं, संघात अंधेरी, नवी मुंबई, ठाण्याची किती मुलं आहेत हे बघतो. अमेय रानवडेसारखा मुलगा ज्या शहरात वाढला त्या शहरासाठी दहा वर्षं खेळावा, ही माझी फार मोठी मागणी आहे असं मला वाटत नाही.

आणि तिसरं, एक नाव मी नेहमी शोधायचो, ते बिपिनचं. २०२१च्या अंतिम सामन्यात गोल, २०२४च्या अंतिम सामन्यात गोल. मुंबईच्या दोन्ही कपांवर त्याचा पाय आहे. २०२५च्या उन्हाळ्यात तो ईस्ट बंगालला गेला.