पणजीचं चर्च आणि कापलेली घंटा

मंडळी, पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव ‘पांढऱ्या इमारतींचं छायाचित्रण’ असं छापलंय. त्याकडे येतोच. पण आधी एका कॅलेंडरविषयी बोलू द्या, त्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पणजीचं इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च. पणजीकरांच्या तोंडी नुसती ‘इगर्ज’. गोव्याला जाऊन त्या पायऱ्यांवर फोटो काढून न घेतलेलं कुणी या सभागृहात असेल, तर त्यांनी हात वर करावा. बघा, एक हात आला, तोही माईकवाल्यांचा!

तर एका कॅलेंडरवाल्यांनी या चर्चचा माझा एक उभा फोटो घेतला. समोरच्या बागेच्या कडेनं, बराच लांबून काढलेला. खाली रस्ता, रस्त्यावर हेल्मेट काढून कपाळ पुसणारा स्कूटरवाला, आडव्या विजेच्या तारा, मग डावी-उजवीकडे वळत चढणाऱ्या पायऱ्या, मग चर्च, आणि सगळ्यांत वर घंटा. कॅलेंडर हातात पडलं तर स्कूटरवाला नाही, तारा नाहीत. आभाळ निळंशार केलेलं, आणि पान मे महिन्याचं! गोव्यातलं मेचं आभाळ ज्यानं पाहिलंय त्याला हे बघून घाम फुटावा. तेही चाललं असतं. पण घंटेच्या जागी जाहिरातीची पट्टी. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ फार सभ्य. म्हणाले, “साहेब, वरचा भाग तसा रिकामाच होता.”

रिकामा! अहो, ती घंटा नसती तर हे चर्च असं दिसलंच नसतं.

इथे 1541 मध्ये एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर होतं. तेव्हा राजधानी जुन्या गोव्यात. लिस्बनहून आलेली जहाजं मांडवीत शिरली, की खलाशी आधी इथे येऊन जीव वाचल्याबद्दल आभार मानत आणि मग नदीनं पुढे जात. 1619 मध्ये त्या जागी मोठं चर्च उभं राहिलं. पुढची दोन-अडीचशे वर्षं त्याला ही घंटा नव्हतीच.

घंटा होती जुन्या गोव्यात, मोंते सांतो टेकडीवरच्या ऑगस्टिनियन साधूंच्या मठात. पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघ बरखास्त केले, 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये तिथल्या चर्चचं छत बसलं. आज त्या जागी 46 मीटर उंचीचा मनोरा उभा आहे, तोही अर्धाच. घंटा तिथून आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि 1871 मध्ये पणजीत आली. गोव्यात हिच्याहून मोठी घंटा एकच, जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रल या चर्चची. तिला सोन्याची घंटा म्हणतात. सेचा जुळा मनोरा 1776 मध्ये कोसळला, पण ती मात्र आपल्या मनोऱ्यात शाबूत राहिली.

पोर्तुगीज घंटांना फिरायची भारी हौस. नाशिककर आहेत का कुणी? तुमच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा 1721 ची, पोर्तुगीजांचीच. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यावर तिकडच्या घंटा आपल्या देवळांत येऊन लागल्या. त्यांच्यावर एक वेगळं भाषण होईल. आयोजकांनी नोंद घ्यावी, मानधन हेच चालेल.

हं. तर एवढं धूड टांगायचं कुठे? चर्चचे बाजूचे मनोरे बुटके. मग दर्शनी भागाचा मधला भागच उंच करावा लागला. तुम्हांला जो उंच, निमुळता माथा दिसतो, ते या घंटेचं बिऱ्हाड. आणि खालच्या प्रसिद्ध पायऱ्याही 1871 च्याच. म्हणजे चारशे वर्षांचं चर्च म्हणून आपण जो फोटो घरी आणतो, त्यातला डोळ्यांत भरणारा निम्मा ऐवज एकोणिसाव्या शतकातला, पणजी राजधानी झाल्यानंतरचा आहे.

माझा हट्ट इथून सुरू होतो. जुन्या इमारतीच्या फोटोत तिची डागडुजी दिसली पाहिजे. कुठे जोडलं, कशासाठी वाढवलं, खाली आता कोण राहतं, कोण स्कूटर लावतं. तारा पुसल्या की अलीकडचं सगळं पुसलं. घंटा कापली की 1871 कापलं. मग उरतं काय? लग्नाआधीच्या फोटोंना लागणारा पडदा. त्या मुलींचा झगा चार पायऱ्या व्यापतो, मागे ड्रोनची घरघर, आणि प्रार्थनेला निघालेल्या आजीबाई कठड्याला धरून बाजूनं चढतात. मला विचाराल तर फोटो त्या आजीबाईंचा आहे. अर्थात त्यांना विचारून.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता पत्रिकेवरचा विषय.

पांढरी भिंत चौकटभर असली, की कॅमेऱ्याचा मीटर तिला करडी समजतो आणि फोटो मळकट येतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एक ते सव्वा स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आपटू देऊ नका, नाहीतर चुन्यावरचे पोपडे आणि शेवाळाचे ओघळ धुऊन निघतील. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा.

उजेड. चर्चचं तोंड साधारण पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीमागे असतो, तेव्हा खुशाल नाश्ता करा. दुपारी तीननंतर या. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भिंतीवर ऊन तिरपं येतं आणि प्रत्येक कंगोऱ्याला सावली मिळते.

मनोरे आत झुकलेले दिसतात, कारण आपण पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर करतो. मागे जा, बागेपर्यंत. कॅमेरा सपाट धरा, चौकट उभी ठेवा आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापा. कॅमेरा न झुकवता चौकट वर सरकवणारी शिफ्ट लेन्स असेल तर प्रश्नच नाही. पण तिची किंमत ऐकून मी ती भाड्यानंच घेतो.

8 डिसेंबरला फेस्त, म्हणजे चर्चचा सण असतो. तेव्हा जा. गर्दी टाळायला नको, तीच हवी. आत प्रार्थना चालू असताना फ्लॅश नको, ट्रायपॉड नको, आणि आधी परवानगी.

पोलरायझरचं, म्हणजे चमक कमी करणाऱ्या फिल्टरचं राहिलं. ते चहाच्या वेळी विचारा, साडेआठला सभागृह रिकामं करून द्यायचंय.