चिलटांकडून आनुवंशिकता

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर 'शाळेतील मुलांना आनुवंशिकता कशी शिकवावी' असा विषय छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु प्रयोगशाळेतून सवड काढून शाळाशाळांमध्ये जीवशास्त्र शिकवताना जी एक गोष्ट मला सतत सलत आली, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ती म्हणजे आपली 'सुबक व नामनिर्देशित आकृती'.

तालुक्याच्या एका गावी नववीच्या वर्गात मी सूक्ष्मदर्शक घेऊन गेलो होतो. कांद्याचा पातळ पापुद्रा सोलून, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून मुलांपुढे ठेवला आणि जे दिसेल तेच काढा, एवढे सांगितले. पेशींना रंग देणारे आयोडीन मुद्दामच दिले नाही. (मुद्दाम म्हणजे, खरे सांगायचे तर, बाटली घरीच विसरली होती.) वह्या गोळा केल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येक पेशीत ठसठशीत केंद्रक विराजमान होते, आणि दोघातिघांनी तर हिरव्या पेन्सिलीने हरितलवकेही भरली होती, जी कांद्याच्या त्या पापुद्र्यात नसतातच. एका मुलीने मात्र विटांसारख्या रिकाम्या चौकटी आणि मधोमध जाड काळ्या कडेचे एक वर्तुळ काढले होते. तिच्या वहीवर शिक्षकांनी लाल शाईने लिहिले, 'केंद्रक कोठे आहे?'

रंग न देता केंद्रक सहसा नीट दिसत नाही, आणि ते काळे वर्तुळ म्हणजे कव्हरस्लिपखाली अडकलेला हवेचा बुडबुडा होता; म्हणजे वर्गात सूक्ष्मदर्शकातून खरोखर पाहिले होते ते तिने एकटीने. शिक्षकांना मी दोष देत नाही, कारण परीक्षेत गुण पुस्तकातल्या आकृतीलाच मिळतात. पुढच्या खेपेस आयोडीन नेले, पिवळट-तपकिरी केंद्रके उमटली, तेव्हा तिने विचारले, "सर, हे आधीपासून आत होतं, की औषधामुळे आलं?" इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जी यांनी १८९८ मध्ये वर्णिलेली पेशीतील जाळी खरी की रंगप्रक्रियेचा भास, हा वाद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत, म्हणजे अर्धशतकभर चालला होता, तिचा प्रश्न त्याच जातकुळीचा होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आनुवंशिकता आता पाच मिनिटांत.

माझे म्हणणे असे की, नातवंडांच्या पिढीत एक लक्षण तिघांत तर दुसरे एकात दिसते, हे मेंडेलचे ३:१ गुणोत्तर फळ्यावर लिहिण्याआधी मुलांनी काहीतरी मोजलेले असावे. त्यासाठी पिकलेल्या केळ्यावर येणारी चिलटे पुरेशी आहेत. (आंब्यात अंडी घालणारी फळमाशी निराळ्या कुळातली, तिचा राग यांच्यावर काढू नये.) २५ अंश तापमानाला अंड्यापासून चिलट होण्यास सुमारे दहा दिवस लागतात आणि १८ अंशांना जवळजवळ दुप्पट, त्यामुळे पुण्याच्या थंडीत मुलांचे दिवस पुस्तकाशी जुळत नाहीत आणि चर्चा आपोआप सुरू होते. पांढऱ्या डोळ्यांचे वाण एखाद्या प्रयोगशाळेकडून मिळाले, तर अमेरिकी शास्त्रज्ञ मॉर्गन यांचा १९१० चा प्रयोगही वर्गात होतो: लाल डोळ्यांची मादी आणि पांढऱ्या डोळ्यांचा नर यांच्या नातवंडांत पांढरे डोळे केवळ नरांना येतात. मोजणी नेमकी ३:१ येत नाही म्हणून मुले हिरमुसतात. तेव्हा मी त्यांना मेंडेलचे गोल वाटाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० होते, हे सांगतो आणि भागाकार त्यांनाच करायला लावतो.

मागच्या टेबलावर चिलटांच्या काही बाटल्या ठेवल्या आहेत. शिक्षकांनी अवश्य न्याव्यात. कापसाचा बोळा मात्र या सभागृहात काढू नये.