मुतखड्याच्या स्कॅनमध्ये सापडलेली गाठ

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, साठीतले एक गृहस्थ आहेत. पहाटे कमरेतून कळ आली, घाम फुटला, मुलाने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मुतखड्याची शंका, म्हणून सीटी स्कॅन झाला. खडा सापडला. पण रिपोर्टच्या तळाशी आणखी एक ओळ होती: डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत 2.2 सेंटिमीटरची गाठ. झालं! खड्याची कळ राहिली बाजूला, घरात एकच शब्द घुमायला लागला. तो कोणता, हे मी सांगायला नको.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. अशा ओळी मीच लिहितो, म्हणून तिचा अर्थ सांगणंही माझंच काम.

अ‍ॅड्रिनल, म्हणजे अधिवृक्क, या दोन ग्रंथी. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम, पण रक्तदाब, मीठ, साखर, घाबरल्यावर होणारी धडधड, या सगळ्यांत त्यांचा हात. पोटाचे स्कॅन वाढले तशा या ग्रंथींतल्या गाठीही जास्त दिसू लागल्या. दुसऱ्याच कारणासाठी तपासायला गेल्यावर सापडते, म्हणून डॉक्टर मंडळी तिला ‘इन्सिडेंटलोमा’ म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. ऐकायला तो एखाद्या कर्करोगाच्या नावासारखा वाटतो आणि पेशंट उगाच दचकतो. सत्तरीपुढच्या माणसांत तर शंभरातल्या पाच-सात जणांकडे अशी गाठ निघते, आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात.

मग निरुपद्रवी कोणती, हे ओळखायचं कसं? इथे एक आकडा कामाला येतो. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. ते मशीन घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड, ज्यांना 1979 साली नोबेल मिळालं, त्यांचंच नाव या एककाला आहे. पाणी म्हणजे शून्य. हवा उणे 1000. चरबी उणे 100 च्या आसपास. आता गंमत बघा. अ‍ॅड्रिनलची बाहेरची साल कोलेस्टेरॉलपासून हार्मोन तयार करते. घरात तेलाचा डबा भरून ठेवावा, तसा या पेशी आपला कच्चा माल चरबीच्या बारीक थेंबांत साठवून ठेवतात. त्या सालीतून वाढलेली साधी गाठ, म्हणजे अ‍ॅडिनोमा, हीसुद्धा बहुधा तो साठा बाळगून असते. त्यामुळे तिचा आकडा खाली, पाण्याजवळ येतो. गाठ आतून एकसारखी असेल आणि आकडा 10 किंवा त्याहून कमी असेल, तर ती कर्करोगाची नाही असं आम्ही धरतो, आणि तिच्यासाठी पुन्हा स्कॅन करायची गरज नसते.

पण हा आकडा डाय, म्हणजे अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध, देण्याआधीचा हवा. डायचं इंजेक्शन गेलं की गाठ रक्तासोबत ते शोषते, आकडा वर चढतो आणि चरबीची खूण झाकून जाते. म्हणून आपल्या गृहस्थांचं नशीब चांगलं: मुतखड्याचा स्कॅन बिनडायचाच असतो. उत्तर त्यांच्या सीडीत आधीच होतं. ती जपून ठेवा हो. लोक फाइल सांभाळतात आणि सीडी हरवतात. रिपोर्टात आकडा लिहिलेला नसेल, तर विचारा. माझ्या मते तो न लिहिणं ही आमची चूक आहे, तुमची नाही.

सुमारे 30 टक्के अ‍ॅडिनोमांत चरबी कमी असते आणि आकडा 10 च्या वर जातो. मग डाय देऊन, पंधरा मिनिटांनी गाठीतून तो किती धुऊन निघाला ते बघतात, किंवा एमआरआय करतात. एमआरआयमध्ये अशी एक वेळ साधता येते, जेव्हा पाण्याचे आणि चरबीचे संदेश रस्सीखेचीतल्या दोन संघांसारखे एकमेकांविरुद्ध ओढतात. दोन्ही एकाच पेशीत असतील तर गाठ काळी पडते. चरबी अगदी उघड, ढेकळासारखी दिसली तर मायलोलिपोमा, म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ. त्याचं फारसं मनावर घेऊ नये.

सावध व्हायचं ते गाठ 4 सेंटिमीटरहून मोठी असेल, आतून ओबडधोबड दिसत असेल आणि आकडा 20 च्या पुढे असेल तेव्हा. किंवा आधी कर्करोग झालेला असेल तेव्हा, कारण फुफ्फुसाचा कर्करोग इथे पसरतो. ग्रंथीचा स्वतःचा कर्करोग मात्र फार दुर्मीळ: दहा लाख माणसांत वर्षाला एखाद-दुसरा.

आणि एक कळकळीची गोष्ट. नातेवाईक म्हणतात, “डॉक्टर, सुई घालून तुकडा काढा, एकदाचं कळू दे.” नको. ग्रंथीच्या आतल्या भागात फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते. ती अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं साठवून बसलेली असते. तिला सुई लागली तर रक्तदाब एकदम भडकून जीव धोक्यात येतो. आकडा 10 च्या वर असेल तर आधी रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन, म्हणजे याच रसायनांपासून बनणारे पदार्थ, तपासायची. सुईचा विचार त्यानंतर, तोही क्वचित.

आपल्याकडे आणखी एक पाहुणा आहे: क्षयरोग. इंग्लंडमध्ये थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 साली या ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचं वर्णन केलं, त्यांतही क्षयाचे रुग्ण होते. माणूस खंगतो, कातडी काळवंडते, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या आणि मधे काळ्या दिसतात. पुढे त्या आक्रसतात आणि त्यांत चुना साठतो. म्हणून दोन्हीकडे गाठी दिसल्या, की आम्ही कर्करोगाइतकाच क्षयाचाही विचार करतो.

आता आपले गृहस्थ. त्यांचा आकडा निघाला 4. पण चित्रावरून ग्रंथी जास्त हार्मोन सोडते की नाही, हे कळत नाही. म्हणून रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची एक मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी आठला कॉर्टिसॉल या अ‍ॅड्रिनलच्या हार्मोनसाठी रक्त द्यायचं; ग्रंथी ठीक असेल तर गोळीने ते खाली येतं. त्यांना रक्तदाब आहे, म्हणून मीठ आणि रक्तदाब सांभाळणारी अल्डोस्टेरॉन आणि रेनिनही तपासायची. दोन्ही तपासण्या ठीक आल्या. गाठ आहे तिथे राहू दे. खडा मात्र 7 मिलिमीटरचा आहे. त्याचं काय करायचं, ते मूत्ररोगतज्ज्ञांना विचारा.

नमस्कार.