इतलं ऊन शे, तरी डी कमी?

मागच्या वर्षीचा मे, अमळनेर. सकाळचे दहा वाजलेत आणि अंगणातली फरशी आत्ताच चटके देतेय. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो हे आपल्याला काय नवीन नाही. आणि अशा गावात माझी मावशी लॅबचा रिपोर्ट घेऊन बसलीये, व्हिटॅमिन डी 11, आणि 20 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. ती एवढंच म्हणाली, "आमनाकडे इतलं ऊन शे, मंग डी कमी कसं?"

प्रश्न बरोबरच आहे तिचा. पण ऊन गावात असून भागत नाही, कातडीवर पडावं लागतं. मावशीचं सगळं काम घरात, बाहेर पडली तर डोक्यावर पदर, आणि स्कूटीवाल्या पोरी तर स्कार्फ, हातमोजे, नुसते डोळे दिसतात. त्यांचंही चुकत नाही, या उन्हात दुसरं करणार काय. बरं, सगळे सांगतात सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसा, पण त्या उन्हात डी बनवणारे यूव्हीबी किरण फारच कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते नीट मिळतात, खिडकीच्या काचेतून मात्र नाहीच.

मावशीला सहा वर्षांपासून थायरॉइड कमी. हाशिमोटो म्हणतात त्या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडच्या ग्रंथीवर उलटते, आणि अशा लोकांमध्ये डी कमी असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण डी कमी म्हणून थायरॉइड बिघडलं असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे डी घेतलं की थायरॉइडची गोळी सुटेल असं कोणी सांगितलं तर प्लीज ऐकू नका. थकवा, अंगदुखी दोन्हीत सारखीच, म्हणून टीएसएच (थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी, थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो) नॉर्मल असूनही मांड्या भरून येत असतील तर डॉक्टरांना 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही टेस्ट विचारा.

आता खरी गोष्ट. रिपोर्टनंतर मावशीला डी घातलेली कॅल्शियमची गोळी मिळाली, तिने ती आणि थायरॉइडची गोळी, दोन्ही पाकिटं एकाच रबरात बांधली आणि रोज सकाळी सहा वाजता माठातल्या पाण्याबरोबर दोन्ही गोळ्या एकदम. दोन महिन्यांनी टीएसएच वाढला! कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटात नीट शोषूच देत नाही, दोघांत चार तासांचं अंतर लागतं, आणि एवढी साधी गोष्ट तिला कोणी सांगितलीच नाही याचा मला आजही राग येतो. डीच्या पावडरचं 60,000 युनिटचं सॅशेही साधारण आठवड्याला एक असतं, तेही ठरावीक आठवडे, रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम चढून किडनीला त्रास होतो.

यंदाचा मे. थायरॉइडची गोळी माठापाशी, कॅल्शियम रात्रीच्या ताटांच्या फळीवर. साडेनऊला मावशी बाह्या कोपराच्या वर सारून अंगणात विळी घेऊन बसते, कैऱ्या चिरते, आणि तिची सावली पार पाटाजवळ गोळा झालेली असते.