सत्तर वर्षांचा धीर

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भिंतीवर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन असेल. कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, दहावी पास झालेल्या मुलाला मंडळीकडून मिळालेल्या भेटीवरही असतं. “तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.” माझ्याही घरी आहे. पण त्याच्या लगेच आधीचं दहावं वचन मी अजून कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेलं नाही. त्यात परमेश्वर सांगतो की, बाबेलची सत्तर वर्षं भरली म्हणजे मी तुमची भेट घेईन, तुम्हाला परत आणीन.

सत्तर वर्षं! हे पत्र कुणाला लिहिलंय बघा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून यकन्या राजाला, राजमातेला, सरदारांना, कारागिरांना आणि लोहारांना धरून बाबेलला नेलं. त्यांना यिर्मयाने हे पत्र पाठवलं. आता त्या गर्दीतला एखादा चाळिशीचा लोहार डोळ्यांसमोर आणा. पत्र मोठ्याने वाचलं जातंय आणि तो बोटांवर मोजतोय. मी परत जात नाही. बायकोही नाही. पोरं गेली तर म्हातारी होऊन जातील. आणि अशा माणसाला पुढच्याच वाक्यात सांगितलंय की, तुझ्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत.

दहावं वचन झाकून अकरावं वाचणं याला मी धीर देणं म्हणत नाही. आज मला बोलायचंय ते याच्याबद्दलच.

त्याच काळात यरुशलेमेत हनन्या नावाचा एक संदेष्टा होता, गिबोनचा. सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर तो उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांच्या आत परमेश्वर बाबेलच्या राजाचं जू मोडणार. मंदिराची पात्रं परत येणार, यकन्या राजा परत येणार, नेलेले सगळे परत येणार. लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. यिर्मया तेव्हा खांद्यावर लाकडी जू घेऊन फिरत होता, बाबेलची सत्ता सोसावी लागणार हे दाखवायला. हनन्याने ते त्याच्या मानेवरून काढलं आणि सगळ्यांदेखत मोडून टाकलं.

यिर्मयाचं पहिलं उत्तर काय होतं, हे आपण वाचताना घाईने ओलांडतो. तो म्हणाला, “आमेन!” परमेश्वर तसंच करो, तू म्हणतोस ते खरं होवो. हे टोमण्याने म्हटलंय असं काही जण मानतात. मला तसं वाटत नाही. त्यालाही त्याची माणसं परत यायला हवी होती. फक्त हवंसं वाटणं आणि देवाने सांगणं या दोन गोष्टी त्याने एकत्र कालवल्या नाहीत. जू मोडल्यावर तर तो काहीच न बोलता निघून गेला. नंतर देवाने निरोप दिला तेव्हा परत आला: लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं होईल. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात वारला. दोन वर्षं पुरी व्हायची वाटसुद्धा त्याला पाहावी लागली नाही. खोटा धीर देणाऱ्याला हिशेब द्यायला बहुधा थांबावंच लागत नाही. तो देऊन जातो, आणि निस्तरतात ऐकणारे.

यिर्मयाच्या पत्रात मात्र काम आहे. घरं बांधा आणि राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, लेकीबाळींची लग्नं लावून द्या, कमी होऊ नका. आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या राजधानीसाठी! हे वाचून बाबेलमधला शमाया नावाचा एक माणूस इतका चिडला की त्याने यरुशलेमेला पत्र धाडलं. हा यिर्मया आम्हाला सांगतो बंदिवास लांबणार आहे, घरं बांधा. याला खोड्यात का नाही घालत? खरं बोलून धीर देणाऱ्याला टाळ्या मिळतीलच असं नाही.

पण मला यिर्मयावर खरा विश्वास बसतो तो बत्तिसाव्या अध्यायात. काही वर्षांनंतरची गोष्ट. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. अनाथोथ यरुशलेमेपासून पायी जाण्याच्या अंतरावर. वेढा पडल्यावर ते शत्रूच्याच हातात गेलेलं असणार. आपल्याकडे असा व्यवहार कुणी सुचवला तर तलाठीसुद्धा वर बघेल. यिर्मयाने सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून दिलं, खत लिहिलं, शिक्का मारला, साक्षीदार घेतले, आणि मोहरबंद व उघडं अशी दोन्ही खतं आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन सांगितलं, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. का? तर या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील असं परमेश्वर म्हणतो म्हणून.

आणि व्यवहार झाल्यावर त्याने प्रार्थना केली, तीही वाचा. आधी देवाची थोरवी गातो, आणि शेवटी म्हणतो, प्रभू, नगर तर खास्द्यांच्या (म्हणजे बाबेलवाल्यांच्या) हाती गेलंय, आणि तू मला म्हणतोस शेत घे! पैसे मोजून झाल्यावर शंका विचारतोय. त्याने आधी गाठीचं रुपं त्या शब्दावर ठेवलं. मन तेव्हाही डळमळतच होतं.

आता दुसरं शेत. प्रेषितांच्या कृत्यांत चौथ्या अध्यायाच्या शेवटी कुप्र बेटाचा योसेफ नावाचा एक लेवी येतो. त्याने आपलं शेत विकलं आणि पैसे प्रेषितांच्या चरणी आणून ठेवले. प्रेषित त्याला बर्णबा म्हणत, आणि ते नाव त्याला लोकांना उभारी देण्यावरूनच पडलं होतं. त्याच्या तोंडचं मोठं भाषण हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने कुठे दिलेलं नाही. पण तो काय करतो ते पाहा.

शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत येतो. कालपर्यंत घराघरांत शिरून विश्वासणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा माणूस आज म्हणतो, मीही तुमच्यातलाच. सगळे त्याला भितात, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बर्णबा त्याला घेऊन प्रेषितांकडे जातो आणि तीन गोष्टी सांगतो. याने वाटेत प्रभूला पाहिलं. प्रभू याच्याशी बोलला. दिमिष्कात याने येशूच्या नावाने धैर्याने भाषण केलं. बस्स. माणूस फार चांगला आहे, मनाने निर्मळ आहे, असलं काही नाही. जे घडलं तेवढंच, पण स्वतः शेजारी उभं राहून. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना हे लगेच कळेल. तुम्ही तिथे कर्जदाराची स्तुती करत नाही, सही करता. शौल उलटला असता तर पहिला प्रश्न बर्णबालाच विचारला गेला असता.

पुढे अंत्युखियात विदेशी, म्हणजे यहूदी नसलेले, लोक विश्वास ठेवू लागले, तेव्हा यरुशलेमेहून बर्णबाला पाठवलं. काम वाढलं. हे आपल्याला एकट्याला पेलणार नाही हे ओळखून तो तार्सास गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. दोघांनी वर्षभर तिथे शिकवलं. त्यानंतर काही अध्यायांतच ‘बर्णबा व शौल’ अशी येणारी जोडी ‘पौल व बर्णबा’ अशी यायला लागते. ज्याला आपण आणलं तो आपल्या पुढे गेला. यावर बर्णबाची तक्रार नव्या करारात कुठेही नाही. आपल्या मंडळ्यांच्या कमिट्यांत बसलेल्यांनी हे सावकाश वाचावं.

मग योहान मार्क. हा बर्णबाचा भाऊबंद, पौलाच्या पत्रावरून कळतं. पहिल्या प्रवासात कुप्र बेट पार झालं आणि पंफुल्यातल्या पर्गाला पोहोचल्यावर मार्क यरुशलेमेला परत गेला. का गेला, लूक सांगत नाही. दुसऱ्या वेळी बर्णबा म्हणाला याला घेऊ, पौल म्हणाला नको, आणि दोघे इतके भांडले की वेगळे झाले. पौलाचं चूक म्हणता येत नाही. त्याला लुस्त्रात दगडमार झाला होता, अशा ठिकाणी मध्येच परत फिरणारा सोबती परवडत नाही. बर्णबाही मार्क परत गेला हे नाकारत नाही. तो त्याला घेऊन कुप्रला जातो. इथे मला एक दिसतं, ते माझं वाचन म्हणून घ्या. कुप्र म्हणजे मार्कने मागच्या खेपेला नीट पार पाडलेला टप्पा. जिथपर्यंत याचे पाय टिकले होते, तिथूनच बर्णबाने पुन्हा सुरुवात केली. कितीतरी वर्षांनी पौल तीमथ्याला लिहितो की, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.

म्हणून बर्णबाला देवमाणूस करून मखरात बसवू नका. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याचं दुसरं रूप आहे. अंत्युखियात पेत्र विदेश्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून, याकोबाकडून काही माणसं आली आणि पेत्र पंगतीतून उठला, त्यांना भिऊन. बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले, आणि पौल लिहितो, बर्णबासुद्धा त्यांच्या ढोंगात ओढला गेला. पंगतीतून उठण्याचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. ज्या विदेश्यांना बर्णबाने हात धरून आत आणलं, त्यांच्याच ताटासमोरून तो उठला. सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या स्वभावाची ही दुसरी बाजू. अशा माणसाला आलेल्या पाहुण्यांचंही मन मोडवत नाही. तिथे धीर द्यायचं काम पौलाने केलं, सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर बोलून. उष्ट्या हातांनी बसलेल्या त्या विदेशी विश्वासणाऱ्यांना त्या दिवशी दुसरं काही उपयोगाचं नव्हतं.

आपल्या मातीतलं एक उदाहरण घेतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यापायी नात्यागोत्यात काय काय झालं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. पदवी मिळाली, टाळ्या झाल्या. असल्या टाळ्या किती मुलांना मिळतात आणि पुढे काय होतं, आपण बघतोच. टिळक या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी घेऊन गेले. त्याची राहण्याजेवणाची, शिकण्याची काळजी त्या घराने वाहिली. मिशनच्या पगारावरचं घर, पैसा कधी न टिकणारं. ‘तू मोठा कवी होशील’ हे वाक्य टिळक बोलले असतील किंवा नसतील. लक्ष्मीबाईंनी मात्र त्याला रोज वाढलं.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी मला विचारलं, मग दवाखान्यात पेशंटसमोर काय बोलायचं? खोटं बोलायचं नाही, आणि खरं तर बोलवत नाही. प्रश्न अगदी बरोबर आहे. आपण खाटेजवळ जाऊन हनन्या होतो. “काही झालेलं नाही तुम्हाला, नाताळला उपासनेला पहिल्या बाकावर दिसाल.” घरच्यांनी रिपोर्ट लपवलेला असतो, आणि पेशंटने तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर कधीच वाचलेला असतो. आपण गेल्यावर तो एकटाच त्या रिपोर्टबरोबर राहतो, कारण त्याच्याशी त्यावर बोलायला कुणी उरलेलंच नसतं.

त्या ताईंना मी एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली, तीच इथे सांगतो. पहिल्या राजांचा एकोणिसावा अध्याय. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला एलीया रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपतो. देवदूत त्याला उठवतो, पण ‘असं बोलू नये’ असं म्हणत नाही. ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो: ऊठ, खा, प्रवास तुला झेपण्यासारखा नाही. इथेही देवदूत खरंच सांगतोय. ‘तुला सहज जमेल’ असं म्हणत नाही.

होरेब डोंगराला पोहोचल्यावर देव विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? तो आपलं गाऱ्हाणं मांडतो: मीच एकटा उरलोय. देव पुन्हा तेच विचारतो, तो पुन्हा शब्दन्शब्द तेच सांगतो. देव त्याला दोन्ही वेळा बोलू देतो. मग काम देतो, आणि ओघात त्याच्या हिशेबातली चूकही दुरुस्त करतो: बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार मी इस्राएलात राखून ठेवलेत. रागावून नाही, आकडा सांगून. तर ताई, पेशंटला आधी जेवलात का विचारा. मग तो दोनदा तेच सांगेल, ते दोन्ही वेळा ऐका. त्याला जे माहीत नाही आणि खरं आहे, असं एखादं तुमच्याजवळ असलं तर सांगा: मुलाची फी भरली गेलीय, शेजारचे आळीपाळीने रात्री थांबणार आहेत. असं काही नसलं तर आधी जाऊन ती फी भरा, आणि मग दवाखान्यात या.