उपग्रह ते भोंगा

आयोजकांनी विषय दिलाय, ‘आधुनिक विज्ञान-तंत्रज्ञानाची क्षेत्रे आणि राष्ट्रविकास’. अवकाश, अणुऊर्जा, जैवतंत्रज्ञान, संगणक, अब्जांश तंत्रज्ञान, हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता. क्षेत्रांची ही यादी तुम्हाला परीक्षेपुरती पाठ असणारच. ती मी पुन्हा म्हणून दाखवत नाही. त्याऐवजी दोन वादळांबद्दल बोलतो.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळलं. सुमारे १०,००० माणसं गेली. पुढे १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात, गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आलं. तेही भयंकरच होतं, पण मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या १४ वर्षांत काय घडलं?

उपग्रह आला, असं चटकन उत्तर येतं. पण आपल्या इन्सॅट मालिकेतले उपग्रह १९८०च्या दशकापासून वर होतेच. १९९९चं वादळही त्यांना दिसलं होतं, इशारेही निघाले होते. पण इशारा ऐकून माणसांनी जायचं कुठे? पक्के निवारे मोजके होते. म्हणून नंतर किनाऱ्यालगत निवारे बांधले गेले. त्यांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. इमारत खांबांवर उभी, तळमजला मोकळा, म्हणजे समुद्राचं पाणी आत घुसलं तरी खालून निघून जावं. वर मोठ्या खोल्या. एरवी तिथे शाळा भरते. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण नुसत्या वादळाची वाट बघत बंद राहिलेली इमारत ऐन वेळी कुलूपकिल्लीपाशीच अडते. शिवाय गावोगावी भोंगे आले, स्वयंसेवक तयार झाले. फायलिनच्या वेळी काही लाख लोक आधीच हलवले गेले होते.

आता हे यश कोणत्या क्षेत्राच्या खात्यावर मांडायचं? ढग उपग्रहाने टिपले. किनाऱ्याजवळ आल्यावर पाऊस आणि वाऱ्याचा वेग डॉप्लर रडारने मोजला. वादळाची वाट महासंगणकावर गणिताने काढली. (त्या महासंगणकाचीही एक कथा आहे. अमेरिकेकडून हवा तेवढा ताकदवान संगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिचा ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला.) पण साखळीतली शेवटची कडी सिमेंटची होती आणि तिच्या आधीची भोंग्याची. त्यांना आपण ‘आधुनिक तंत्रज्ञान’ म्हणतच नाही!

दुसरं उदाहरण लसीचं. पोलिओच्या लसीच्या कुपीवरचं लेबल कधी नीट पाहिलंय? त्यावर एक छोटं वर्तुळ असतं आणि वर्तुळात फिका चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. थर्मामीटर नको, वीज नको, वाचता येण्याचीही गरज नाही. लस घडवण्यामागे विषाणुशास्त्र आहे, पण दूरच्या पाड्यावरच्या आरोग्यसेविकेला खात्री देतं ते रंग बदलणारं रसायन. २०१४च्या मार्चमध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात या चौकोनाचाही वाटा आहे.

आणि ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्हीवर शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. खेड्यातला अँटेना कशाचा? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात, त्या तारेच्या जाळीचा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. संशोधन आणि विकासावर आपण राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्काही खर्च करत नाही. दक्षिण कोरिया चार टक्क्यांहून जास्त करतो. याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

आता जिथे साखळी अजून अपुरी आहे, ती जागा दाखवतो. वीज पडून आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, बरीचशी शेतात काम करताना. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचं ॲप केलंय. ते जवळपास वीज पडण्याचा धोका आधी कळवतं. पण ज्याने मोबाईल घरी चार्जिंगला लावलाय आणि जो उघड्या माळावर गुरं राखतोय, त्याला हे कोण सांगणार? आणि कळलं, तरी त्याने झाडाखाली न जाता जायचं कुठे? माळावर त्याच्यासाठी अजून खांबांवरची इमारत नाही. तुमच्यातले इंजिनिअर होणारे इथे किती जण आहेत, जरा हात वर करा. प्रश्नोत्तरं आपण तुमच्यापासूनच सुरू करू.